दोन हाका

एका दिवाळी अंकाच्या मुलांच्या विभागासाठी भुताची गोष्ट हवी होती. अटी दोन. पंधराशे शब्दांच्या वर जायचं नाही आणि गोष्ट समुद्रकिनाऱ्यावर घडायला हवी, कारण चित्रकाराने लाटांचं चित्र आधीच काढून दिलं होतं. चित्राला गोष्ट शोधायची, हा उलटा कारभार मला नवा नाही. मी हो म्हटलं.

पहिला खर्डा तीन दिवसांत झाला. पौर्णिमेची मध्यरात्र. ओहोटीने समुद्र लांब गेलेला, चांदण्यात चकाकणारी ओली पुळण आणि तिच्यावरून एकटाच निघालेला दहा वर्षांचा मुलगा. समुद्राकडून वाऱ्यावर गाण्याचे सूर येतात आणि तो त्यांच्या मागे मागे जातो. वाचताना माझ्याच अंगावर काटा आला. स्वतःच्या लिखाणाने आलेल्या काट्यावर फारसा भरवसा ठेवू नये, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

फेब्रुवारीत वेंगुर्ल्याच्या बाजूला जाणं झालं. जिथे उतरले होते तिथून चार घरं सोडून एक आजोबा राहत. त्यांना सगळे तात्या म्हणत, मीही म्हणायला लागले. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढण्यात घालवली होती. आता पडवीत बसून जाळ्याची भोकं शिवत. एका संध्याकाळी मी त्यांना खर्डा वाचून दाखवला. खरं सांगायचं तर शाबासकीच्या आशेने. त्यांनी हातातलं काम न थांबवता सगळं ऐकलं, दाताने दोरा तोडला आणि म्हणाले, "पुनवेक मधरातीक पुळण खंयसून इली गे बाय? त्या वक्ताक भरती आसता. तुझो झील चलता काय पोवता?"

मी गप्प.

"आणि रातचो वारो भायर जाता. भुतान गाणा म्हटल्यान तरी तां दर्यातच ऱ्हवतला."

म्हणजे माझ्या गोष्टीच्या पहिल्याच पानावर नायक गळ्यापर्यंत पाण्यात होता आणि भुताचा आवाज त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता. खारे वारे आणि मतलई वारे मी शाळेत दोन मार्कांसाठी पाठ केले होते. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे. उत्तरपत्रिकेत लिहिलं, मार्क मिळाले, विसरले. गोष्ट लिहिताना एकदाही आठवले नाहीत.

भरतीचा हिशेब तात्यांनी तोंडीच सांगितला. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ आली. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, द्वादशीला ९, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. दिवसाची भरतीही याच सुमाराला आणि रात्रीचीही, कारण दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. किनारा बदलला की वेळ थोडी मागेपुढे होते. ओहोटी दोन भरत्यांच्या मध्यावर. त्या भागात ओहोटीला सुकती म्हणतात. मला तो शब्द फार आवडला.

रात्री मी कागद घेऊन बसले. मला समुद्र खूप लांब गेलेला हवा होता आणि वेळ मध्यरात्रीची हवी होती. मध्यरात्री ओहोटी येते अष्टमीच्या आसपास. पण अष्टमीला भांग असतो. भांगाचं पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. पाणी लांब हटतं ते उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला. आणि तेव्हा पूर्ण ओहोटी असते पहाटे किंवा संध्याकाळी, पाच-साडेपाचला. मी तिथ्या मागेपुढे करून पाहिल्या, वेगवेगळे महिने घेतले, काही उपयोग झाला नाही. त्या किनाऱ्यावर उधाणाची सुकती मध्यरात्री येतच नाही. मला हवी होती ती रात्र पंचांगातच नव्हती.

राहिली तिन्हीसांज. तेव्हा मी जरा खट्टू झाले, कारण भुतं बाराच्या ठोक्याला येतात असं डोक्यात बसलेलं. वास्तविक लहानपणी आम्हाला कुणी बाराची भीती घातली नव्हती. घातली ती तिन्हीसांजेची. तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसू नको, झोपू नको, केस विंचरू नको. सगळे नकार दिवेलागणीचे होते आणि मी मात्र बाराचे ठोके मोजत बसले होते.

वेळ मिळाली. आता भूत.

कोकणात भुतांना तोटा नाही. १९१५ च्या सुमारास सरकारी अधिकारी एन्थोवेन याने कोकणातल्या लोकसमजुती छापल्या. ती टिपणं गावोगावच्या शाळामास्तरांनी पाठवली होती आणि ती मागवण्याचं काम सुरू केलं होतं जॅक्सन याने. होय, तोच नाशिकचा कलेक्टर, ज्याला २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेरे यांनी नाटकाच्या प्रयोगाला आलेला असताना गोळ्या घातल्या. हा माणूस फावल्या वेळात आपल्या भुतांची यादी करत होता, हे कळल्यावर मी ती यादी जरा वेगळ्याच नजरेने वाचली. वेताळ, ब्रह्मसमंध, देवचार, मुंजा, खवीस, गिऱ्हा, झोटिंग, जखीण, लावसट, हडळ.

यादी मजेदार वाटते ती नावं मोठ्याने म्हणेपर्यंत. कोण कशाने भूत झालं ते वाचलं की हात आखडतो. बाळंतपणात गेलेली बाई, मुंज होऊन सोडमुंजीआधी गेलेला मुलगा, अमुक जातीचा मेला तर हे भूत, तमुक जातीचा मेला तर ते. जिवंतपणी ज्याची जी पायरी, मेल्यावरही तीच. आठ वर्षांच्या मुलाला हडळ म्हणजे काय ते मी कसं सांगणार होते? बाळाला जन्म देताना जी मेली तिला घाबर, असं?

गिऱ्हा मात्र किनाऱ्याला साजणारा. बुडून मेलेल्याचं भूत, पाण्यात राहतं, रात्री पाणी ओलांडणाऱ्याला वाट चुकवून खोलात नेतं. त्याचा केस हाती लागला तर ते गुलाम होऊन राबतं, केस परत मिळाला की सूड घेतं. हे मला हवंसं वाटलं, पण केसाचा भाग घेतला की गोष्ट भुताची न राहता नोकराची होत होती.

बुडालेल्यांचा विचार करताना 'रामदास' बोट आठवणं ओघाने आलंच. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या, मुंबईहून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. एक दिवसभर मी त्या बोटीवर खर्डा केला. संध्याकाळी फाडला. ती माणसं खरी होती, सणासाठी घरी निघाली होती आणि त्यांची नातवंडं-पतवंडं आजही त्या गावांत आहेत. त्यांच्या आजोबांचं भूत करून मी कुणाच्या मुलांची करमणूक करायची?

मग एकदा आरवलीला गेले. शिरोड्याजवळच. तिथला वेतोबा, म्हणजे ग्रामदेव वेताळ, रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून लोक त्याला भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. आणि चालून चालून त्या चपला झिजतात, अशी श्रद्धा. केळीचे घड, गर्दी, घंटा हे सगळं नीट पाहून घेतलं, पण नजर परत परत त्या चपलांच्या तळव्यांकडेच जात होती. परत येऊन तात्यांना म्हटलं, वेताळ म्हणजे भुतांचा राजाच ना, त्याच्यावर गोष्ट करते. तात्यांनी पहिल्यांदाच सुई खाली ठेवली. "तेका भूत म्हणू नको हां. देव तो." विषय संपला आणि ते योग्यच होतं. पण तळवे डोक्यातून गेले नाहीत. दिसत कुणीच नाही, चप्पल मात्र झिजते. माझ्या भुतानेही असं काहीतरी मागे सोडलं पाहिजे, एवढं वहीत लिहून ठेवलं.

भूत सापडलं ते अगदी घरच्या गोष्टीत. रात्री बाहेरून कुणी हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. तीन हाका होऊ द्यायच्या. भूत दोनच हाका मारू शकतं, तिसरी त्याला येत नाही. हे आपल्यापैकी कितीजणांनी आजीकडून ऐकलं असेल! मी पन्नास वर्षं हा नियम माणसाच्या बाजूने ऐकत आले होते. त्या रात्री पहिल्यांदा भुताच्या बाजूने ऐकला. एक भूत आहे, लहान मुलीचं. तिला दोनच हाका येतात. आणि गावात कुणीही दोन हाकांना ओ देत नाही.

बस. यानंतर मी भूत बदललं नाही.

आता प्रश्न पौर्णिमा की अमावास्या. दोन्हीकडे सुकती संध्याकाळची, तेव्हा त्याने काही ठरत नव्हतं. अमावास्येचा मोह मोठा होता. हिवाळ्यात कधीकधी त्या किनाऱ्यांवर लाटा निळ्या उजेडाने पेटतात. नॉक्टिलुका नावाचा एकपेशीय जीव पाण्यात वाढलेला असतो, पाणी हललं की तो चमकतो. ओल्या वाळूत पाय टाकला तर पावलाभोवतीही निळं उमटतं. भुताच्या गोष्टीला आणखी काय हवं? पण हा उजेड अंधारातच दिसतो, चांदण्यात फिका पडतो. म्हणजे निळ्या लाटा हव्या असतील तर चंद्र सोडायचा.

माघी पौर्णिमा चार दिवसांवर होती. मुक्काम वाढवला आणि त्या संध्याकाळी पाच वाजता शिरोड्याच्या वेळागरला जाऊन उभी राहिले. सुरूच्या बनातून वारा सूं सूं करत होता. सूर्य समोर, समुद्रावर. माझी सावली मागे, गावाकडे, लांबच लांब पडलेली. साडेसहाच्या सुमाराला सूर्य बुडाला आणि सावली गेली. चंद्र माडांच्या मागून वर येत होता, पण त्याचा उजेड अजून वाळूपर्यंत पोचत नव्हता. मी हात पसरून पाहिला, वाळूवर काही नाही. पाय उचलला, काही नाही. तेवढ्यात वारा पडला. दिवसाचा वारा थांबलेला, रात्रीचा अजून सुटलेला नाही. सुरूचं बन एकदम गप्प झालं. तोवर तो आवाज आहे हेसुद्धा माझ्या ध्यानात नव्हतं, थांबला तेव्हा कळलं की इतका वेळ काहीतरी वाजत होतं. लांबवर कुणीतरी पोराला घरी बोलावत होतं ते शब्दन् शब्द ऐकू आलं.

मी घड्याळ पाहत उभी राहिले. सव्वासात झाले, थोडे पुढेही गेले. मग वाळूवर पुसट काळं काहीतरी उमटलं आणि हळूहळू गडद झालं. माझी सावली परत आली होती, पण उलट्या बाजूला. आता ती समुद्राकडे पडली होती.

म्हणजे पाऊण तास मला सावलीच नव्हती. भुताला सावली नसते असं आपण मुलांना सांगतो. त्या पाऊण तासात मात्र कुणालाच नसते. पुळणीवर दोन मुलं शेजारी शेजारी उभी असतील तर त्यांतलं जिवंत कोण, हे चंद्र वर येईपर्यंत कळायचं नाही.

निळ्या लाटा मी तिथेच सोडून दिल्या. अजून चुटपुट लागते.

गोष्ट यानंतर बरीचशी आपोआप बसली. त्रिपुरी पौर्णिमा घेतली, कारण सगळा गाव देवळात दीपमाळ उजळायला गेलेला, म्हणून किनाऱ्यावर कुणी नाही. मुलगा एकटा का, हे वेगळं सांगायची गरज उरली नाही. त्याचं नाव बाबल्या. तो सुकतीला खडपावर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या खडकांवर, कालवं काढायला गेलेला, हातात कोयती, तोंड समुद्राकडे. खडप आणि पुळण यांच्या मध्ये एक सखल पट्टा, ओहोटीला कोरडा. सूर्य बुडतो, वारा पडतो, सुरूचं बन गप्प होतं आणि पाठीमागून हाक येते. "बाबल्याऽऽ." तो ओ देत नाही, आजीने शिकवलंय. दुसरी हाक. तो तिसरीची वाट पाहतो. तिसरी येतच नाही. आणि तिसरी आली नाही म्हणूनच त्याला कळतं की ही कोण असणार.

इथे मला बराच वेळ लागला. नियमाप्रमाणे त्याने गप्प बसायचं. पण गप्प बसला तर तो खडपावरच राहतो आणि भरती वळलेली आहे. पहिल्या तासात भरती रेंगाळते, आहे की नाही असं वाटतं. तिसऱ्या-चौथ्या तासाला धावते. मुलाला हे दिसत नाही, कारण त्याची पाठ आहे. मुलीला दिसतंय, कारण ती त्या सखल पट्ट्यातच उभी आहे. शेवटी बाबल्याने दुसऱ्या हाकेनंतर ओ दिली. वळला, पट्टा पाण्याने भरत आलेला पाहिला आणि गुडघाभर पाण्यात उभी असलेली मुलगी पाहिली. ती पुढे, हा मागे. ती जिथून चालते तिथे पाणी गुडघ्यावर येत नाही. पुळणीवर पोचेपर्यंत चंद्र वर आलेला. वाळूवर एकच सावली.

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या इमारतीतल्या नऊ मुलांना गच्चीवर बसवून वाचली. वयं सात ते अकरा. सुरूचं बन मी तोंडाने वाजवत होते, शूऽऽ, आणि हाकेच्या आधी थांबवलं. नऊच्या नऊ मुलांनी मान वर केली. तेवढ्यासाठी वेळागरला पाऊण तास उभं राहिल्याचं सार्थक झालं. 'एकच सावली'ला एका मुलाने आपल्या शेजारच्याचा दंड धरला. मग एकाने विचारलं, "ती मेली कशी?"

मी सांगितलं, तिला ते आठवत नाही.

"मग आपण भूत आहोत हे तिला कसं कळलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आठ वर्षांची एक मुलगी गुडघ्यावरची खपली काढत बसली होती, वर न बघता म्हणाली, "कुणी ओ देत नाही म्हणून." ते वाक्य जसंच्या तसं गोष्टीत आहे. मानधनातून तिला आइस्क्रीम दिलं, पण ती काही खरी भरपाई नव्हे.

त्या दिवशी शेवट राहून गेला. जेवणाच्या हाका आल्या (खालून, आयांच्या, तीनपेक्षा पुष्कळ जास्त) आणि मुलं पांगली. चार दिवसांनी सात वर्षांच्या मुलाच्या आईचा मेसेज आला. तो दिवा लावून झोपतोय, बाथरूमला एकटा जात नाही, असलं काही वाचून दाखवण्याआधी विचारायला हवं होतंत. बोलणं खाल्लं. ते खाणं भागच होतं. मग तिच्या परवानगीने त्याच्याशी फोनवर बोलले. कशाची भीती वाटते रे? भुताची? तो म्हणाला, "नाही. बाबल्या घरी पोचला का ते तू सांगितलंच नाहीस." उरलेली दोन पानं फोनवर वाचून दाखवली. त्या रात्री दिवा बंद झाला. तेव्हापासून मुलांना भुताची गोष्ट वाचून दाखवायची असेल तर मी जेवणं झाल्यावरच बसते.

पण त्याला वाचून दाखवलेला शेवट अंकात छापलेला नाही. त्यात मी सगळं उलगडलं होतं. हाक म्हणजे रातढोकरी पक्ष्याचं ओरडणं, मुलगी म्हणजे चांदण्याचा खेळ. त्या लहानग्याला दिलासा हवा होता, त्याला चाललं. बाकीच्या आठांना ऐकवल्यावर गच्चीवर नाराजी पसरली. "म्हणजे भूत नव्हतंच? मग भुताची गोष्ट का म्हणालीस?" अकरा वर्षांची माझी भाची तर उठून चालायलाच लागली. जाता जाता म्हणाली, "मावशी, तू घाबरलीस."

खरं होतं. मी त्या आईला घाबरले होते.

नव्या शेवटात बाबल्या घरी पोचतो. हे नक्की, ठळक, पहिल्याच वाक्यात. आजी त्याचे पाय पुसते, पेज वाढते. रात्री सगळे आडवे झाल्यावर दाराबाहेरून हाक येते. "बाबल्याऽऽ." आजी तोंडावर बोट ठेवते. पुन्हा, "बाबल्याऽऽ." मग काही नाही. सगळं घर तिसरीची वाट बघतं, जी येणार नाही हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. तेव्हा बाबल्या अंथरुणात उठून बसतो आणि बारीक आवाजात आपलं स्वतःचं नाव घेतो. तिसरी हाक. आणि मग ओ देतो.

सकाळी पायरीवर लहान पावलाचा ठसा असतो, पांढरा, मिठाचा. समुद्राचं पाणी वाळल्यावर उरतो तसा. आरवलीच्या चपलांनी शेवटी असं ऋण फेडून घेतलं. खारं पाणी वाळल्यावर मीठ खरंच तेवढं दिसतं का, हे मी घरी बादलीत मीठ कालवून, पाय बुडवून, बाल्कनीत उमटवून पाहिलं. साध्या मिठाच्या पाण्याने काळ्या फरशीवर ठसा दिसतो, पांढऱ्यावर नाही. म्हणून पायरी काळ्या दगडाची केली.

संपादकांशी वाद झाला तो याच ठशावरून. मी तो उंबऱ्यावर उमटवला होता, एकच, आत येणारा. त्यांचं म्हणणं, बाहेर जाणाराही हवा, नाहीतर मुलं झोपायची नाहीत. माझं म्हणणं, बाहेर जाणारा दाखवला तर तिला परत हाकलल्यासारखं होतं. इतक्या वर्षांनी कुणीतरी ओ दिली, ती काय रात्रीतून निघून जाण्यासाठी? तीन दिवस फोनाफोनी. शेवटी तोडगा त्यांनीच काढला: ठसा एकच, आत येणारा, पण उंबऱ्यावर नाही, तीनपैकी सगळ्यांत खालच्या पायरीवर. मी आधी कुरकुरले. मग लक्षात आलं, हे माझ्यापेक्षा चांगलं आहे. अजून दोन पायऱ्या बाकी आहेत.

मुद्रितं आली ती गणपतीच्या धामधुमीत. भराभर पाहत होते आणि खडपावरच्या प्रसंगाशी अडखळले. बाबल्या एका हाकेलाच ओ देत होता. मुद्रितशोधकाने दुसरी "बाबल्याऽऽ" ओळ छापण्यातली चूक समजून काढून टाकली होती. समास सोडून, तांबड्या शाईत, अगदी व्यवस्थित. भुताच्या दोन हाकांपैकी एक प्रेसने खाल्ली. त्यांचा काय दोष, तीच ओळ लागोपाठ दोनदा आली तर मीही काढली असती. मी समासात लिहिलं, 'दोन्ही हाका ठेवा.' मग खात्री वाटेना म्हणून फोन करून सांगितलं. मग आणखी एकदा.

अंक निघाल्यावर एक प्रत तात्यांना पाठवली. दिवाळी होऊन गेली, तुळशीचं लग्न झालं तरी काही कळलं नाही. एक दिवस फोन आला. नातवाने वाचून दाखवल्यान, म्हणाले. मी श्वास रोखून.

"वारो बरोबर घातलंस."

"आणि भरती, तात्या?"

"भरती पण बरोबर आसा." थोडा वेळ नुसती खरखर. मग म्हणाले, "पण माका एक सांग. त्या झिलान कालवां खंय टाकल्यान?"

मी अंक उघडला. बाबल्या वळला, पट्टा ओलांडला, घरी पोचला, पेज प्याला. कालवं खडपावरच होती.

"आणि कोयती?" तात्या विचारत होते. "कोयती तरी घरी हाडूक व्हयी होती."